निवेदक बाई आहे हे मराठीत लपवायचं कसं? (विज्ञानकथासंग्रहांतली समलिंगी माणसं)

शेवंती | शुक्रवार, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. धागा मोठा आहे, पण मदत हवी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

माझी जोडीदार इंग्रजी वाचत नाही. धारप आणि मतकरी तिला जवळजवळ पाठ आहेत. दिवाळीत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ आधी तिच्या हातात जातात, मग माझ्या. चौदा वर्षं आम्ही एका घरात राहतो. गेल्या पावसाळ्यात दिवे गेले होते तेव्हा तिनं विचारलं, “ह्या भुताखेतांच्या, परग्रहांच्या गोष्टींत आपल्यासारख्या दोघी कुठंच का नसतात गं?” मी म्हटलं, आहेत, इंग्रजीत आहेत, आणि पन्नास वर्षांपासून आहेत. “मग मराठीत सांग की,” ती म्हणाली.

म्हणून अमेरिकन लेखिका जोआना रस यांची ‘व्हेन इट चेंज्ड’ घेतली. १९७२ची कथा. हार्लन एलिसन यांनी संपादित केलेल्या ‘अगेन, डेंजरस व्हिजन्स’ या संग्रहात पहिल्यांदा आली आणि तिला विज्ञानकथेसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. व्हाइलअवे नावाची मानवी वसाहत. काही शतकांपूर्वी एका साथीत तिथले सगळे पुरुष मेले. बायकांनी दोन बीजांडं एकत्र करून मुली जन्माला घालायचं तंत्र शोधलं, शेती केली, यंत्रं बांधली, संसार केले. आणि एके दिवशी पृथ्वीवरून चार पुरुष येऊन उतरतात.

कथेची सुरुवात मोटारीत होते. रात्र आहे, बायको भरधाव गाडी हाणते आहे, मुलगी मागे झोपली आहे आणि निवेदक शेजारी बसून वैतागलेला... बघा, हे वाक्य लिहितानाच मी अडखळले. वैतागलेला की वैतागलेली? इंग्रजीत ‘आय’ला लिंग नाही. बायकोविषयी बोलणारा, द्वंद्वं खेळलेला आवाज ऐकून वाचक सवयीनं त्याला पुरुष धरून चालतो. मग पुरुष खरोखर येतात, आणि वाचकाला स्वतःच्या सवयीची ठेच लागते. मी विशीत ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पानं मागे उलटून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली होती. त्या घरात दोन बायका होत्या, तीन मुली होत्या, कामाच्या वाटण्या होत्या, कुणाला बंदुकीची भीती वाटते ते ठरलेलं होतं. आणि मला ते दिसलं नव्हतं. मला, जिला ते दिसायलाच हवं होतं.

मराठीत पहिल्या क्रियापदालाच सगळं उघडं पडतं. ‘मी बसले’ लिहिलं की संपलं. ‘मी बसलो’ लिहिलं तर ती फसवणूक होईल. काय करावं?

दुसरं म्हणजे, अशा कथा आधी संग्रहांतच का आल्या याबद्दलही बोलायचं आहे. अमेरिकन विज्ञानकथा तेव्हा मासिकांवर जगत होती आणि मासिकं पोराटोरांच्या हाती पडतात म्हणून संपादक लैंगिक विषयांना हात लावायला कचरत. एलिसननी १९६७ साली ‘डेंजरस व्हिजन्स’साठी लेखकांना सांगितलं की मासिकं घेणार नाहीत अशा कथा मला द्या. ३३ कथा जमल्या. त्यातली शेवटची सॅम्युएल डिलेनी यांची ‘आय, अँड गोमोरा’. स्वतः समलिंगी असलेला कृष्णवर्णीय लेखक, वय पंचविशीच्या आसपास, आणि समलिंगींच्या हक्कांसाठी न्यूयॉर्कमध्ये झालेला स्टोनवॉलचा उठाव अजून दोन वर्षं दूर होता. त्या कथेलाही नेब्युला मिळाला. एक हट्टी संपादक दार किलकिलं ठेवतो तेव्हा काय काय आत येतं ते या दोन पुस्तकांत दिसतं.

मला स्वतःला त्या कथा जवळच्या वाटतात ज्यांत दोन बायकांचं प्रेम हे गुपित नसतं. नवल दुसरीकडे असतं आणि प्रेम घरच्या पितळी तांब्यासारखं रोजच्या जागी असतं. तुम्हाला काय वाटतं?

---

तिसरी घंटा | शुक्रवार, रात्री ११.४०

शेवंती, धागा वाचून झोप उडाली. भाषांतराचं जाणकार सांगतीलच. तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र थोडं वेगळं म्हणायचं आहे.

गुपिताच्या कथांना कमी लेखू नका. थिओडोर स्टर्जन यांची ‘द वर्ल्ड वेल लॉस्ट’ १९५३च्या जूनमध्ये ‘युनिव्हर्स सायन्स फिक्शन’ मासिकात आली. दिरबानू ग्रहावरून पळून आलेले दोन जीव पृथ्वीवर उतरतात. एकमेकांत इतके रमलेले की सगळं जग त्यांच्या प्रेमात पडतं. मग त्यांचा ग्रह कळवतो की हे गुन्हेगार आहेत, परत करा. दिरबानूशी संबंध जुळावेत म्हणून पृथ्वी त्यांना मुकाट्यानं यानात बसवते. यानावर दोनच माणसं. कप्तान रूट्स बडबड्या, आणि ग्रंटी दांडगा, मुका वाटावा इतका अबोल, डोक्यात सतत कविता. कैद्यांना मनातलं वाचता येतं हे कळल्यावर ग्रंटी त्यांना मारायला निघतो, कारण त्याच्या मनात एक गोष्ट आहे जी कुणालाही कळता कामा नये. तेव्हा ते चित्रं काढून त्याला समजावतात की त्यांच्याकडे नर आणि मादी अगदी वेगळे दिसतात आणि आम्ही दोघं एकाच लिंगाचे आहोत. ग्रंटी त्यांना जीवरक्षक होडीतून सोडून देतो. रूट्सला हे कळतं तेव्हा तो त्या दोघांबद्दल किळसून जे बोलतो ते ग्रंटी ऐकून घेतो. ग्रंटीचं प्रेम त्याच रूट्सवर आहे.

आता तारीख बघा. २७ एप्रिल १९५३ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीला अपात्र ठरवण्याचं कारण झालं. त्या काळात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि दोनच महिन्यांत एका स्वस्त मासिकात ही कथा येते, जिच्यात सरकार दोन प्रेमिकांना पकडून परत पाठवतं आहे. कथा आदेशाच्या आधी लिहून झाली असेल, पण ज्या हवेत तो आदेश निघाला त्याच हवेत ती लिहिली गेली.

मी ठाण्यातल्या एका वसतिगृहात चार वर्षं ग्रंटी होतो. खोलीतल्या मित्रानं माझ्या मनातलं वाचलं तर, या भीतीनं मी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचो. तेव्हा प्रेम पितळी तांब्यासारखं मांडलेली गोष्ट मला दिली असती तर ती परक्याच्या घरची वाटली असती. गुपिताची गोष्ट माझी होती.

---

शेवंती | शनिवार, सकाळी ७.१५

तिसरी घंटा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ‘कमी लेखू नका’ हे मान्य, मनापासून. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की कुणीतरी आता ग्रंटीच्या पुढची गोष्टही सांगायला हवी.

---

ग्रहगोल | शनिवार, सकाळी ९.०५

मी चाळीस वर्षं विज्ञानकथा वाचतो आहे. एक शंका स्पष्टपणे मांडतो, राग मानू नये. नारळीकर, फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांनी आम्हाला शिकवलं की विज्ञानकथेतून विज्ञान काढून टाकलं तर कथा कोसळली पाहिजे. समलिंगी प्रेमाचा विषय महत्त्वाचा आहे, त्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण तो सामाजिक कथेत लिहावा. मराठीत तो तसा आलाही आहे. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१चं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची. मग यानं आणि परग्रह कशाला?

---

शेवंती | शनिवार, सकाळी १०.३०

ग्रहगोल, तुमचीच कसोटी लावू. व्हाइलअवेतून बीजांडं जुळवण्याचं तंत्र काढून टाका. तीस पिढ्या राहतच नाहीत, कथा पहिल्याच पिढीत मरते. आणि ते तंत्र आहे म्हणूनच कथेतला खरा प्रश्न उभा राहतो. येणारे पुरुष वाईट नाहीत, ते मदत करायला आले आहेत. त्यांना मनापासून वाटतं की इथं अर्धी माणुसकी मेली आहे. सहाशे वर्षं नीट चाललेल्या संसाराला कुणी सहानुभूतीनं ‘अपुरा’ म्हणतं तेव्हा काय होतं, हे वास्तववादी कथेत मांडायला गेलं तर आधी त्या दोघींचं अस्तित्व सिद्ध करण्यातच पानं संपतात. रसनी ते ओझं एका साथीच्या रोगावर टाकलं आणि हात मोकळे केले.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू आहेत, खरंच प्रेमळ. दर संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणतात, “दोघींचं अजून काही जमलं नाही का गं कुठं?” व्हाइलअवेला आलेले ते चार पुरुष अगदी या काकूंसारखे बोलतात.

---

ग्रहगोल | शनिवार, दुपारी ४.२०

पटलं. साथ आणि बीजांडांचं तंत्र हे कथेचे खांबच आहेत, सजावट नव्हे. मी कथा न वाचता बोलत होतो. दुपारी मिळवून वाचली.

त्यावरून एक आठवलं, ते तुमच्या मूळ प्रश्नाशीही जुळतं. जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावानं लिहिणाऱ्या लेखिका ॲलिस शेल्डन. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९७५ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी त्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत हे लेखन पुरुषाचंच असल्याची ग्वाही दिली, आणि नंतर लवकरच खरं नाव उघड झालं. त्यांची ‘ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?’ १९७६ची, व्हॉन्डा मॅकिंटायर आणि सुझन जॅनिस अँडरसन यांनी संपादित केलेल्या ‘ऑरोरा: बियाँड इक्वॅलिटी’ या संग्रहातली. सौरवादळात सापडलेले तीन अंतराळवीर तीनशे वर्षं पुढे फेकले जातात आणि तिथं फक्त बायका उरलेल्या असतात. हीसुद्धा मासिकात न येता संग्रहातच आली, हा तुमचा मुद्दा खरा धरतो.

टिपट्री संपादकांशी, लेखकांशी सगळा व्यवहार पत्रांतून करत. मराठीत असत्या तर पहिल्या पत्रातल्या ‘आपलं पत्र मिळालं, आनंद झाला’पर्यंत निभावलं असतं. ‘मी गावाला गेले होते’ लिहिलं की खेळ खलास.

आपल्याकडे नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी करून. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. तिथं लिंग लपवायचं नव्हतं, म्हणून भाषेनं साथ दिली.

---

पानगळ | शनिवार, संध्याकाळी ६.४५

वा! ‘आनंद झाला’ या उदाहरणातच उत्तर आहे. मी व्याकरण शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

मराठीत कर्ता नेहमी क्रियापदावर हुकूम चालवत नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. ‘मी बंदूक उचलली’, ‘मी दार उघडलं’, ‘मी तीन द्वंद्वं केली’. बोलणारा कोण, काही कळत नाही. सांगणाऱ्या क्रियापदासाठी ‘म्हणाले’ टाळून ‘म्हटलं’ वापरा. अनेकवचन तर वरदान आहे. ‘आम्ही निघालो’ बायकाही म्हणतात, पुरुषही. भविष्यकाळ ‘मी जाईन’, रीतिभूतकाळ ‘मी जात असे’, दोन्ही सुरक्षित. भावनांसाठी ‘मला’ आहेच: मला भीती वाटली, मला हसू आलं, माझ्या लक्षात राहिलं नाही.

अडचण अकर्मकांची. बसणे, उठणे, पोचणे, घाबरणे, थांबणे. आणि गंमत म्हणजे भूतकाळापेक्षा वर्तमानकाळ जास्त चहाडखोर आहे. ‘मी करते’ किंवा ‘मी करतेय’ लगेच सांगून मोकळं होतं, ‘मी करत आहे’ सांगत नाही पण पुस्तकी वाटतं. तुमच्या कथेत निवेदक गाडीत नुसतं बसून आहे, म्हणजे पहिलं पान अकर्मकांनी भरलेलं असणार. तिथं शरीराऐवजी वस्तूंना बोलतं करा. ‘मी मागे रेलले’ऐवजी ‘पाठ सीटला टेकली’.

अवांतर, पण या धाग्यात यायलाच हवं. ‘कथासरित्सागर’ आठवा, काश्मीरच्या सोमदेवाचा, अकराव्या शतकातला. त्यात तक्षशिलेच्या राजाची मुलगी कलिंगसेना आणि मयासुराची मुलगी सोमप्रभा यांची मैत्री आहे. पहिल्या नजरेतच जडलेली. ‘स्वयंवरसखी’ या शब्दाकडे अभ्यासक रूथ वनिता यांनी लक्ष वेधलं आहे, स्वतः निवडलेली सखी. आणि सोमप्रभा भेटीला येताना काय आणते? करंडीभर लाकडी यांत्रिक बाहुल्या! खिटी दाबली की एक उडत जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. दोन स्त्रियांचं उत्कट सख्य आणि चालतीबोलती यंत्रं एकाच प्रसंगात, तेही नऊशे-हजार वर्षांपूर्वी. यानं आणि परग्रह कशाला, या ग्रहगोल यांच्या प्रश्नाला सोमप्रभेनं करंडी उघडून उत्तर दिलं आहे असं मला वाटतं.

वनिता आणि सलीम किडवई यांच्या २०००च्या ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ या संकलनात ही कथा आहे. तिथंच विजयदान देथांची राजस्थानी ‘दोहरी जूण’ही आहे. दोन शेठ पोटातल्या मुलांचं लग्न ठरवतात, दोघांना मुलीच होतात, एकीला मुलगा म्हणून वाढवतात. लग्नाच्या रात्री खरं कळतं आणि दोघींना एकमेकी आवडलेल्या असतात. गाव छळतं तेव्हा भुतं आसरा देतात. भुतांचा सरदार वर देतो, एक जण पुरुष होते. आणि पुरुष झाल्यावर ती नवरेशाही करायला लागते! शेवटी पुन्हा बाई होण्यातच दोघींना सुख लाभतं. शेवंती, तुमच्या धारपप्रेमी जोडीदाराला ही आधी सांगा. भुतं माणसांपेक्षा शहाणी आहेत त्यात.

---

मांडवीकाठ | रविवार, सकाळी ८.३०

पानगळताई, सुंदर. मी गोव्याची, म्हणून डिलेनींच्या कथेबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते.

‘आय, अँड गोमोरा’मधले अंतराळवीर ‘स्पेसर’. अंतराळातल्या किरणोत्सारानं प्रजननपेशी बिघडतात म्हणून त्यांना वयात येण्याआधीच निर्लिंग केलेलं असतं. सुटीत ते टोळक्यानं पृथ्वीवर उतरतात, पॅरिस, ह्यूस्टन, इस्तंबूल. काही माणसांना नेमकं या निर्लिंगांचंच आकर्षण असतं, त्यांना ‘फ्रेल्क’ म्हणतात. इस्तंबूलमध्ये एक तुर्की मुलगी निवेदकाला भेटते. ती ज्याच्यावर प्रेम करते त्याला ते प्रेम परत करताच येत नाही, आणि म्हणूनच ती त्याच्याकडे ओढली जाते. फार एकाकी कथा आहे.

तुमची अडचण बाई लपवण्याची आहे. इथं निवेदक बाईही नाही, पुरुषही नाही. मराठीत नपुंसकलिंग आहे, पण स्वतःबद्दल ‘मी आलं’ कुणी म्हणत नाही. कोंकणीत म्हणतात! आमच्याकडे पुरुष म्हणतो ‘हांव आयलों’, मोठी बाई म्हणते ‘हांव आयली’, आणि लहान किंवा तरुण मुलगी म्हणते ‘हांव आयलें’. तेंच नपुंसकलिंग. मी स्वतः कितीतरी वर्षं नपुंसकलिंगात बोलत होते आणि कधी काही उणं वाटलं नाही. वयात येण्याआधी थांबवलेल्या स्पेसरच्या तोंडी कोंकणी ‘आयलें’ किती चपखल बसेल!

---

सावली | रविवार, सकाळी ११.१०

मांडवीकाठ, कोंकणीतलं वाचून हरखले. तिथं त्या रूपात माया आहे हे जाणवतं.

पण मराठीत करताना कृपा करून जपा. मी तृतीयपंथी समाजातली आहे. आम्हाला ‘ते आलं बघ’ म्हणतात तेव्हा त्यात माया नसते. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ला आमची ओळख आम्हीच ठरवायची असं म्हटलं, आणि मी स्वतःबद्दल ‘आले, गेले’ म्हणते, म्हणत आले आहे. डिलेनींच्या कथेत लोकांनी स्पेसरना ‘ते’ म्हणावं, तो समाजाचा क्रूरपणा म्हणून शोभेल. पण निवेदक स्वतःबद्दल बोलेल तेव्हा त्याचं लिंग न उघडणारी वाक्यं वापरा, पानगळताईंनी सांगितली तशी. माणूस बाहेरून नपुंसकलिंगी आणि आतून नुसतं ‘मी’, हा फरक मराठीतच दाखवता येईल. इंग्रजीला तो जमणार नाही.

---

मांडवीकाठ | रविवार, दुपारी १२.०२

सावली, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तुम्ही म्हणता तसंच व्हायला हवं.

---

ओवी | रविवार, रात्री ९.५०

वाचनखूण साठवली! उर्सुला ली ग्विन यांची ‘माउंटन वेज’ (१९९६, टिपट्री पुरस्कार) कुणी काढली नाही म्हणून लिहिते. ‘ओ’ नावाच्या ग्रहावर लग्न चौघांचं असतं, दोन पुरुष आणि दोन बायका. समाजाचे दोन भाग, सकाळचे आणि संध्याकाळचे. लग्नात दोन्हीकडचे एक पुरुष, एक बाई. सकाळची बाई संध्याकाळच्या बाईशीही नातं ठेवते आणि संध्याकाळच्या पुरुषाशीही, ते धर्माचंच मानलं जातं. निषिद्ध काय, तर सकाळच्यानं सकाळच्याशी.

माझ्या सासरी देवक पाहतात. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव. देवक एक निघालं म्हणून माझ्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न मोडलं, ती आठ दिवस जेवली नाही. त्यामुळे ही कथा मला एका दमात कळली. दोन बाया एकमेकींवर प्रेम करतात यात त्या डोंगरी वस्तीला काहीच वावगं वाटत नाही. अडचण येते ती चौकट पुरी करायला माणसं मिळत नाहीत तेव्हा, म्हणून त्यातली एक पुरुषाचा वेश घेते. पाप कुठं आहे हे प्रत्येक समाज आपापल्या सोयीनं कोरतो. विज्ञानकथेनं ती रेघ नुसती दुसरीकडे सरकवून दाखवली.

---

तिसरी घंटा | सोमवार, सकाळी ६.४०

ओवी, ‘रेघ सरकवून’ हे पटलं.

फक्त याच विषयाला वाहिलेले संग्रह कधी आले तेही नोंदवतो. १९९०च्या दशकात मी बॉस्टनला शिकायला होतो. तिथल्याच ॲलिसन पब्लिकेशन्सनं जेफ्री एलियट यांचा ‘किंड्रेड स्पिरिट्स’ १९८४ला काढला आणि १९८६ला ‘वर्ल्ड्स अपार्ट’, संपादक कॅमिला डेकार्निन, एरिक गार्बर, लिन पॅलिओ. विखुरलेल्या कथा एका जागी आणण्याचं काम. गार्बर आणि पॅलिओ यांनी त्याआधी १९८३ला ‘युरेनियन वर्ल्ड्स’ ही टिपणांसह सूची केली होती. त्या काळात संगणकावर शोधायची सोय नव्हती, एकेक पुस्तक वाचूनच ठरवायचं की यात आपलं कुणी आहे का. ते कष्ट आठवले की माझा ऊर भरून येतो.

‘वर्ल्ड्स अपार्ट’ मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं. पहिल्या पानावर शाईनं दोन पुरुषांची नावं आणि ख्रिसमसच्या शुभेच्छा होत्या. एकानं दुसऱ्याला दिलेलं. एड्सची ती वर्षं, आणि पुस्तक दुकानात कसं आलं असेल हा विचार मी फार पुढे नेला नाही. अजून माझ्याकडे आहे.

नंतर निकोला ग्रिफिथ आणि स्टीफन पेजेल यांनी ‘बेंडिंग द लँडस्केप’चे तीन खंड काढले, अद्भुतकथा १९९७, विज्ञानकथा १९९८, भयकथा २००१. पहिल्याला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. त्यांनी समलिंगी नसलेल्या लेखकांकडूनही कथा घेतल्या आणि सगळ्या नव्या. आधीच्या पिढीला शोधावं लागत होतं, यांना मागवता आलं. २००८पासून काही वर्षं लेथ प्रेसचे ‘वाइल्ड स्टोरीज’चे वार्षिक खंड आले, आणि २०११पासून काही वर्षं समलिंगी स्त्रियांच्या कथांचे ‘एअरेसेस ऑफ रस’. रस त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या नावाच्या वारसदार!

मला विचाराल तर मराठीत एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकानं फक्त एवढं जाहीर करावं: यंदा अशा कथा मागवत आहोत. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले आणि कायद्याची धास्ती गेली. कथा लिहिणारे आहेत, त्यांना कुणीतरी बोलावलं पाहिजे.

---

पंचगंगा | सोमवार, रात्री ८.१५

शेवंतीताई, चार दिवस वाचतोय, एक गोष्ट कुणी बोलंना म्हणून लिहितो. म्हणजे लिहिते, मी बाई आहे. आमच्या कोल्हापुरात बायका-पोरी ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. माझी आजी, आई, मी. पुण्यात शिकायला गेल्यावर मैत्रिणी हसायच्या, म्हणून बाहेर ‘आले, गेले’ म्हणायला शिकलो, घरी अजून ‘आलो’च.

तुम्ही म्हणता ‘मी बसलो’ लिहिलं तर फसवणूक. आमच्यासाठी नाही. तुमची निवेदक शेतकऱ्याघरची, यंत्रं हाताळणारी बाई. तिला कोल्हापुरी बोलू दे की. वाचक तिला पुरुष समजला तर चूक वाचकाची, तिची नाही.

---

पानगळ | सोमवार, रात्री ८.४०

मी एवढं व्याकरण सांगितलं आणि खरं उत्तर पंचगंगेच्या काठावर होतं. याहून चांगला उपाय नाही.

---

शेवंती | पुढच्या बुधवारी, रात्री ११.३०

नऊ दिवसांनी येते आहे. पंचगंगा, तुमचा प्रतिसाद वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि नुसती उभी राहिले.

माझी जोडीदार कागलची आहे. चौदा वर्षं ती रोज संध्याकाळी दारातून “आलो गं” म्हणते. चौदा वर्षं मी ते ऐकते आणि ते माझ्या कानाला कधी लागलं नाही, कारण तो तिचा आवाज आहे, व्याकरण नाही. आणि मी मात्र प्रमाण मराठीत अडकून निवेदक लपवायची धडपड करत होते.

सगळा मसुदा पुन्हा लिहिला. बोली पूर्ण नाही आणली, फक्त निवेदकाची क्रियापदं तिची केली. ‘मी बसलो होतो’, ‘मी ओरडलो’, ‘मी तिच्या हातातली बंदूक खाली ढकलली’. बाकी ठिकाणी पानगळताईंचे मार्ग वापरले. कथा प्रकाशित करायची नाही, हक्क आपले नाहीत. घरापुरती आहे.

तीन रात्री वाचून दाखवली. गाडीच्या भागाला ती खूश झाली, तिनं माहेरी ट्रॅक्टर चालवला आहे, उघडूनही बसवला आहे. पुरुष येतात तिथं मी थांबले आणि विचारलं, तुला धक्का बसला का? “कसला?” निवेदक बाई आहे याचा. ती माझ्याकडे बघत राहिली. “ती बाईच आहे की पहिल्यापासून. ‘बसलो’ म्हणाली म्हणून काय झालं?”

म्हणजे जो धक्का सांभाळायला मी तीन आठवडे झटत होते तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिला दुसरंच लागलं होतं. शेवट ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि त्या मागच्या सीटवरच्या पोरीचं काय? हे आता येणार, सगळं बदलणार. तिला कोण सांगणार, तिच्या आयांनी हे कसं उभं केलं ते?”

मी म्हटलं, गोष्ट तिथंच संपते.

“मग पुढची मी सांगतो. तू लिहून घे.”

काल रात्रीपर्यंत सहा पानं झाली आहेत. पोरगी सोळा वर्षांची झाली आहे आणि तिनं गाडीची किल्ली लपवून ठेवली आहे.